बंदराची कावेरी

मुलाला, यज्ञेशला, पेठेच्या संघाने घेतल्याची बातमी कावेरीला शाळेच्या ऑफिसात समजली. दाखल्यांचा गठ्ठा सहीसाठी मुख्याध्यापकांकडे न्यायला ती उठली होती, तेवढ्यात रसिका मॅडम मोबाइल पुढे धरून आत आल्या. कणकवलीच्या एका हॉलमध्ये जिल्ह्याच्या कबड्डी लीगचा लिलाव चालला होता आणि निम्मा जिल्हा तो मोबाइलवर बघत होता. पडद्यावर यज्ञेशचा फोटो होता, त्याच्या गळ्यात कुणीतरी लाल उपरणं घालत होतं.

"अभिनंदन, कावेरीताई," रसिका मॅडम म्हणाल्या. "आता तुम्हीही आमच्या झालात."

"यज्ञेश झाला," कावेरी म्हणाली. "मी कशी होईन?"

मॅडमना ती थट्टा वाटली. त्या हसल्या आणि तासाला निघून गेल्या. कावेरीने दाखले उचलले आणि पुन्हा खाली ठेवले.

बाकीच्या तालुक्यांना लीगमध्ये एकेक संघ होता. मालवणाला दोन. चार वर्षांपूर्वी लीग सुरू झाली तेव्हा आयोजकांनी इथल्या दोन जुन्या मंडळांना एकत्र या म्हणून सांगून पाहिलं. तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत कप तसेच ठेवून दोन्हीकडचे लोक उठले, आणि शेवटी आयोजकांनी हात टेकले. पेठेचा संघ लाल, बंदराचा निळा. बाजारपेठ, भरड, देऊळवाडा लाल. मेढा, दांडी, धुरीवाडा निळा. असं आपलं ढोबळमानाने म्हणायचं. प्रत्यक्षात ही रेघ घराघरांतून गेली होती. दांडीवरचा एक शिंपी पेठेचा होता, कारण त्याच्या भावाला बंदराने कधी काळी संघात घेतलं नव्हतं. भरडावरच्या डॉक्टरांच्या गाडीवर निळा स्टिकर होता आणि त्याचं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. एका बेकरीत दोघे भाऊ भागीदार होते. सामन्याच्या दिवशी ते काउंटरच्या दोन टोकांना बसत आणि गिऱ्हाइकं आपापल्या टोकाकडून बटर-खारी घेत. एसटी स्टँडच्या रिक्षांवर लाल झेंडे, जेटीवरच्या रिक्षांवर निळे. किल्ला बघायला आलेले पर्यटक विचारत, इथे कसला उत्सव आहे.

कावेरी या हिशेबात कुठेच बसत नव्हती. तिचं माहेर भरडावरचं, सासर बाजारपेठेतलं. दोन्हीकडून ती पेठेचीच व्हायची. पण ती नववीत असताना तिला आणि तिच्या पाच मैत्रिणींना कबड्डी खेळायचं वेड लागलं, आणि पेठेच्या मैदानावरून त्यांना हुसकून लावण्यात आलं. मुलींनी पायात पाय घालून धुळीत लोळायचं हे शोभत नाही, असं तिथल्या मोठ्या माणसांचं म्हणणं. तेव्हा बंदराचा कप्तान होता बाबली. बर्फाच्या कारखान्यात काम करायचा. त्याने सांगितलं, "सकाळी सहाक येवा. आमी सांजेचे खेळतलंव." बंदरावरही कुजबुज झाली. म्हणून बाबली रोज सकाळी मैदानाच्या कडेला ओढून ठेवलेल्या होडीवर येऊन बसे, मैदानाकडे पाठ करून. पोरींना राखण पण झाली आणि हा बघत बसतो असं म्हणायची सोयही कुणाला राहिली नाही. पाठमोरा बसूनच तो ओरडे, "घोटो धर गो, गुडगो नको." आवाजावरून त्याला कळायचं.

तीन वर्षं कावेरी डाव्या कोपऱ्यात खेळली. एकदा रत्नागिरीपर्यंत जाऊन दुसऱ्या फेरीत हरून आली, तर बंदराचे लोक नारळ घेऊन स्टँडवर उभे होते. हरलेल्या मुलींना घ्यायला. घरातून मात्र कुणी आलं नव्हतं. ते तिने मनात धरून ठेवलं. लग्न झालं, नोकरी लागली, यज्ञेश झाला, पण बंदराचा एकही मोठा सामना तिने चुकवला नाही. यज्ञेशला सातव्या वर्षी तिनेच बाबलीच्या हवाली केलं होतं आणि आतापर्यंत तो बंदराकडूनच खेळला होता. नवरा परशुराम पेठेत स्टेशनरीचं दुकान चालवायचा. तो स्वभावाने भांडणाचा नव्हता. बायको निळ्या बाकड्यांवर बसते म्हणून गिऱ्हाइकं त्याला टोचत, तो हसून पेनाच्या रिफिली मोजत राही.

त्या संध्याकाळी मात्र परशुराम नेहमीपेक्षा लवकर घरी आला. येताना जिलेबी घेऊन आला.

"चला, घर एकदाचा एका बाजूक इला," तो खुर्चीत टेकत म्हणाला.

यज्ञेश कणकवलीहून आला तो लाल शर्टातच. बावीस वर्षांचा पोर, आनंद तोंडावर मावत नव्हता. त्याने पिशवीतून आणखी एक लाल शर्ट काढला. पाठीवर त्याचंच नाव आणि वर "आई" असं छापलेलं.

"संघाच्या मालकांनी, विनीतशेटांनी मुद्दाम करून घेतल्यानी, आये. घालून बघ."

कावेरीने शर्ट हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. शिवण चांगली होती. घडी घातली आणि परत त्याच्या पिशवीवर ठेवला.

"तू चांगलो खेळ. माका आनंद आसा. पण ह्यो शर्ट मी घालूचंय नाय."

"कित्याक?"

"मी बंदराची."

"आये, मी आता पेठेत आसंय."

"ता कळला माका. तुका लिलावात घेतल्यानी. तू काय पळान जावक नाय, तुझी कायच चूक नाय. पण माका कोणी घेवक नाय."

यज्ञेश बापाकडे बघू लागला. परशुरामने जिलेबीचा पुडा सोडायला घेतला होता, तो तसाच हातात राहिला.

"म्हणजे मी चढाईक इलंय तर तू थंय निळ्यात बसान ओरडतलंस? माका पकडा म्हणान?"

खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती. "होय," ती म्हणाली. "ओरडतलंय."

यज्ञेश त्या रात्री बापाशेजारी बसून जेवला आणि आईशी एक शब्दही बोलला नाही.

चार दिवसांत ही गोष्ट गावभर झाली. स्टँडवरचा रिक्षावाला तिला सोडताना म्हणाला, "वैनीनू, सोताचो झिल सोडून परक्यांका टाळयो कोण वाजवता?" शाळेत रसिका मॅडम समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "ताई, मुलाच्या मनावर परिणाम होतो हो." माहेरच्या वहिनीने फोन करून सांगितलं की असली आई तिने जन्मात पाहिली नाही. कावेरी प्रत्येकाला एकच उत्तर देत होती, की यज्ञेशचं जेवणखाण, त्याचं दुखणंखुपणं, सगळं ती बघते आणि बघत राहील. पण पंचवीस-तीस वर्षं ज्यांच्यात बसली, त्यांच्यातून ती एका बोलीने उठणार नाही.

गंमत म्हणजे बंदरावरही तिची वाट सोपी नव्हती. यंदाच्या लीगमधल्या पहिल्या सामन्याला ती नेहमीच्या जागी, सुगंधाच्या शेजारी जाऊन बसली. सुगंधा म्हणजे त्या सहा मुलींपैकीच एक, आता जेटीजवळ खानावळ चालवणारी. मागच्या रांगेतली दोन माणसं उठून दुसरीकडे गेली.

"काय झाला तेंका?" कावेरीने विचारलं.

सुगंधा जरा घुटमळली. "लोक बोलतत, तू हयली खबर थंय नेतलंस म्हणान."

"तुका काय वाटता?"

"माका वाटला असता तर तुझ्यासाठी जागा धरून ठेवलंय असती?"

त्याच सामन्याच्या मध्यंतरात काही पोरांनी घोषणा सुरू केली, "यज्ञेश गद्दार, यज्ञेश गद्दार." यज्ञेश तिथे नव्हताच, सामना वेंगुर्ल्याशी होता, पण पोरांना धीर नव्हता. कावेरी उभी राहिली आणि वळून त्यांच्यासमोर गेली.

"ता बंद करा," ती म्हणाली. "तो लिलावात गेलो. तुमच्या संघान तेच्यावर बोली वाढवूक नाय, मदीच थांबलो. मगे गद्दार कोण? तो समोर इलो की पकडा तेका, मी पण ओरडतलंय. गाळी देवची आसली तर पयली माका देवा."

पोरांनी घोषणा थांबवली. एकाने पुटपुटत "सॉरी काकी" म्हटलं. उठून गेलेली दोन माणसं परत आपल्या जागेवर आली नाहीत, पण पुढच्या सामन्याला आली.

पेठ आणि बंदर यांचा सामना डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी होता. त्याच्या आदल्या सोमवारी परशुराम जेवताना पानाकडे बघत बोलला. विनीतशेट दुकानात येऊन गेले होते. सामन्याआधी खेळाडूंच्या आईवडिलांचा सत्कार ठेवलाय. कावेरीने लाल साडी नेसून पहिल्या रांगेत बसायचं. शाल, श्रीफळ, फोटो.

"तुमी काय सांगितलात?"

"होय म्हटलंय. एक दिवसाचो प्रश्न आसा गो. शेट सोता इले दुकानात."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती थेट विनीतशेटच्या ऑफिसात गेली. विनीतशेटची दोन हॉटेलं होती आणि पर्यटकांना समुद्रात फिरवणाऱ्या बोटी होत्या. माणूस वागायला गोड. त्याने उठून तिला खुर्ची दिली, सोलकढी मागवली.

"मी सत्काराला येणार नाही, हे सांगायला आले," कावेरी म्हणाली. "माझ्या मिस्टरांनी मला न विचारता शब्द दिला."

"ताई, तुम्ही गैरसमज करून घेताय. हा तुमचा मान आहे."

"मान आहे, पण तो लाल साडी नेसून तुमच्या रांगेत बसण्याचा आहे. मी दुसऱ्या रांगेतली आहे."

विनीतशेट हसला. मग त्याने पेपरवेट हातात घेतलं आणि फिरवत म्हणाला, "तुम्ही सुज्ञ आहात. यज्ञेशला पुढच्या वर्षी कप्तान करायचं माझ्या मनात आहे. संघात सगळ्यांना विश्वास वाटायला हवा ना, की घरची माणसं पण सोबत आहेत. उद्या लोक मला विचारतील. परशुरामभाऊंचं दुकानही पेठेतच आहे. सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं."

आतापर्यंत कावेरी ऑफिसातलं मराठी बोलत होती, ते गळून पडलं.

"शेटानू, तुमी झिलाक घेतलात. तो तुमच्यासाठी घाम गाळता, तेच्यात तो कमी पडलो तर तेका विचारा. तेची आवस लिलावात नव्हती. माझ्यावर बोली लागूक नाय आणि लागूची पण नाय. दुकानात गिऱ्हाइक येवचा का नाय ता गिऱ्हाइकांका ठरवू देत."

सोलकढी तशीच राहिली. ती बाहेर पडली. चालत चालत ती थेट बंदरावर गेली.

तिथे बाबली होता, आता पासष्टीचा, गुडघे गेलेला, पण संघाचा प्रशिक्षक तोच. त्याने तिला होडीच्या काठावर बसवलं.

"कावेरी, एक विचारू? राग मानू नको."

"विचारा, बाबलीदा."

"यज्ञेश वळता खंय, ता कोणाक कळणा नाय. सगळ्या संघांका चकवल्यान तेना. माझ्याकडे वाढलो, पण माका पण पकडूक गावणा नाय. तुका ठावक आसतला."

तिला ठाऊक होतं. यज्ञेश उजवीकडे वळायचा असला की त्याआधी क्षणभर त्याची डावी मूठ मिटायची. सात वर्षांचा होता तेव्हापासूनची खोड. तिने मोडायचा प्रयत्न केला होता, मोडली नाही. आणखी कुणाच्या लक्षात आली नव्हती.

"ठावक आसा," ती म्हणाली. "सांगूचंय नाय."

बाबलीने मान वळवली.

"मी ओरडूक येतंय, बाबलीदा. बाकड्यावर बसान जा सगळ्यांका दिसता, ताच माका दिसता असा समजा. ह्या घरातला आसा. आवस म्हणान जा माका कळला, ता मी खंयच्याच संघाक देवचंय नाय. तुमका पण नाय."

बाबली खाली बघू लागला. "विचारलंय ता चुकला माझा," तो म्हणाला. मग उठून जाळीपाशी गेला आणि पोरांना सरावाला लावलं. त्या दिवशी घरी जाताना कावेरीला पहिल्यांदाच एकटं वाटलं. पेठेला नाही म्हटलं आणि बंदरालाही. पण दोन्ही नकार तिचे स्वतःचे होते आणि त्यातला एकही मागे घ्यावा असं तिला वाटलं नाही.

रविवारी संध्याकाळी मैदान गच्च भरलं. मधे मॅट, एका अंगाला लाल, दुसऱ्या अंगाला निळा. सत्काराला सुरुवात झाली. निवेदकाने एकेक नाव घेतलं, आईबाप पुढे आले, शाली पांघरल्या गेल्या. मग त्याने माइकवर पुकारलं, "आपला हुकमी चढाईपटू यज्ञेश याचे वडील परशुरामभाऊ आणि मातोश्री कावेरीताई."

परशुराम एकटाच पुढे आला. निवेदकाने पुन्हा पुकारलं. त्याला बहुधा मुद्दाम तसं सांगितलं होतं. "कावेरीताई जिथे असतील तिथून त्यांनी यावं. मुलासाठी यावं."

लाल बाजू टाळ्यांचा ठेका धरू लागली. निळ्या बाकड्यांवरची माणसं तिच्याकडे वळून बघायला लागली. सुगंधाने तिचा हात धरला. कावेरीने तो सोडवून घेतला आणि उभी राहिली, म्हणजे सगळ्यांना दिसावं. तिच्या अंगावर जुनी निळी सुती साडी होती. तिने दोन्ही हात जोडून समोरच्या बाजूला नमस्कार केला, मान हलवून नाही म्हटलं आणि खाली बसली. टाळ्यांचा ठेका मोडला. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी "शेम, शेम" म्हणालं. परशुरामने शाल घेतली, नारळ घेतला आणि फोटोत एकटाच उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. त्याला सगळ्यांशी गोड राहायचं होतं, आणि आज ते त्याला जमत नव्हतं.

सामना सुरू झाला. यज्ञेश असा खेळला की निळ्या बाकड्यांवरही माणसं नकळत हळहळ आणि कौतुक एकाच सुस्काऱ्यात सोडत होती. मध्यंतरापर्यंत त्याने सहा गुण नेले, नंतर आणखी तीन. प्रत्येक वेळी तो निळ्या संघाच्या अंगणात शिरला की कावेरी ओरडे, "धर, सोडू नको." आणि तो निसटून मध्यरेषेला हात लावून पडला की ती आधी त्याचा गुडघा, खांदा सगळं ठीक आहे ना हे बघून घेई आणि मगच चरफडे. दोन्ही खरं होतं.

शेवटचं अर्धं मिनिट राहिलं तेव्हा सत्तावीस-सत्तावीस अशी बरोबरी होती. पेठेच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या. तिसरी रिकामी गेली की चढाईवाला बाद आणि गुण बंदराला. यज्ञेशच आला. तो डाव्या कोपऱ्याकडे सरकला. तिथे दीपेश होता, या वर्षी पहिल्यांदाच संघात आलेला, बर्फाच्या कारखान्यातल्या एका कामगाराचा मुलगा.

कावेरीने यज्ञेशची डावी मूठ मिटताना पाहिली. तो उजवीकडे वळणार होता. तिच्या घशात ते आलं आणि तिने ते गिळलं. तिच्या तोंडून तेवढंच बाहेर पडलं जे अख्खी निळी बाजू ओरडत होती.

"धर."

यज्ञेश वळला. दीपेश आधी चुकला, आडवा पडला, पण पडता पडता त्याचा हात यज्ञेशच्या घोट्यावर बसला आणि तो त्याने सोडला नाही. वरून तिघे येऊन कोसळले. यज्ञेशचा हात मध्यरेषेपासून वीतभर लांब राहिला. शिट्टी वाजली.

बंदर एका गुणाने जिंकलं. कावेरी उभी होती, टाळ्या वाजवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पेठेत एकच बोलणं होतं. आवशीन झिलाची खोड बंदराक सांगितल्यान. मंगळवारी ती बाबलीबरोबर होडीवर बसलेली कुणीतरी पाहिली होती, तेवढं पुरे झालं. दुकानात दिवसभर चार गिऱ्हाइकं आली. संध्याकाळी विनीतशेटचा निरोप आला, की यज्ञेशला पुढच्या सामन्यात बसवणार, आणि त्याच्या आईने संघाची माफी मागितली तर विषय संपवू.

परशुरामने निरोप सांगितला. यज्ञेश ओसरीवर पायाला बर्फ लावत बसला होता. कावेरी दारात उभी होती.

"माग गो माफी," परशुराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "दोन शब्द. पोराचा नुकसान होता."

कावेरीने काही बोलायच्या आत यज्ञेश म्हणाला, "आये, माका एक सांग. तू बाबलीकाकांका काय सांगितलंस?"

"तेंनी विचारल्यानी. मी सांगूक नाय."

"कायच नाय?"

"ठावक आसा, पण सांगूचंय नाय, इतक्याच सांगितलंय."

मग त्याने बर्फाची पिशवी बाजूला ठेवली, चप्पल घातली आणि लंगडत बाहेर पडला. तासाभराने आला. काय झालं ते त्याने सांगितलं नाही. परशुरामला दुकानात दुसऱ्या दिवशी कळलं. यज्ञेश विनीतशेटच्या ऑफिसात गेला होता. संघातले पाच-सहा जण तिथेच बसले होते.

त्यांच्यासमोर तो म्हणाला होता, "आयेन सांगितल्यान असता तर मी पयल्याच चढाईक गावलंय असतंय. नऊ गुण कसे काढलंय मी? दीपेशान पकडल्यान, कारण तेना घोटो सोडूक नाय. माका बसवचा आसा तर बसवा, मी पकडलो गेलंय म्हणान बसवा. पण माझी आये माफी मागूची नाय. तिना मागल्यान तर मी ह्यो शर्ट घालूचंय नाय."

विनीतशेटने त्याला एक सामना बसवलं. त्या सामन्यात देवगडने पेठेला चौदा गुणांनी धुतलं. पुढच्या सामन्याच्या यादीत यज्ञेशचं नाव पहिलं होतं आणि माफीची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. दुकानातली गिऱ्हाइकं आठवड्याभरात परत आली, कारण परीक्षा जवळ आल्या होत्या आणि वह्या लागत होत्या. काही आली नाहीत. परशुराम त्यांची नावं घेत नव्हता. एकदा मात्र कुणीतरी काउंटरवर उभं राहून कावेरीबद्दल वाकडं बोललं, तेव्हा त्याने त्या माणसाच्या हातातली वही काढून घेतली आणि परत फळीवर ठेवली. हे कावेरीला सुगंधाकडून कळलं. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या आवडीची सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, आमटी आणि भात केला.

फेब्रुवारीत परतीचा सामना झाला. या वेळी कुणी सत्कार ठेवला नव्हता. निळ्या बाजूच्या फाटकाकडचा रस्ता गटारासाठी खणलेला होता, म्हणून कावेरीला लाल फाटकातून आत जावं लागलं. निळी साडी, हातात पाण्याची बाटली. ती लाल शर्टांच्या गर्दीतून वाट काढत चालली. दोघातिघांनी तोंडं फिरवली. एक म्हातारे गृहस्थ, पेठेच्या मंडळाचे जुने पदाधिकारी, मुद्दाम वाटेत उभे होते.

"बाय, मुलग्याक विसरान थंय कशी बसतंस गो तू?"

"विसरान नाय बसत, काकानू," कावेरी म्हणाली. "तेका बघूनच बसतंय. जरा वाट देवा."

त्यांनी वाट दिली.

त्या दिवशी यज्ञेशने अकरा गुण काढले. दीपेशला त्याने तीनदा बाद केलं. डावी मूठ आता मिटत नव्हती. दीड महिन्यात कधीतरी, कुणाला न सांगता, त्याने ती खोड मोडली होती. पेठ सहा गुणांनी जिंकली, आणि त्या पराभवाने बंदराचा उपांत्य फेरीचा रस्ता बंद झाला. कावेरीचा घसा बसला होता. पोरं मॅटवर तोंड झाकून बसली होती, बाबली एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत फिरत होता. ती सगळ्यांत शेवटी उठली.

सुगंधा जेटीच्या वळणावर खानावळीकडे गेली. कावेरी एकटी भरडाच्या चढाला लागली तोच मागून मोटरसायकल आली आणि तिच्याजवळ थांबली. यज्ञेश होता. केस अजून ओले होते, गळ्यात हार होता.

"बस, आये. सोडतंय."

"नको. चलान येतंय मी."

"दमलंस तू."

"हरलंव आमी," ती बसलेल्या आवाजात म्हणाली. "आज माका बोलू नको. सकाळी बोल."

यज्ञेशने गळ्यातला हार काढून हँडलला अडकवला. गाडी बंद केली आणि खाली उतरला. ती पुढे चालू लागली तसा तो गाडी ढकलत तिच्या शेजारून चालू लागला. चढ मोठा होता. समोरून लाल झेंडे लावलेल्या तीन रिक्षा हॉर्न वाजवत आल्या. त्यातल्या पोरांनी यज्ञेशला हाका मारल्या, ये, मिरवणूक निघतेय म्हणाले. त्याने हात हलवून त्यांना पुढे जायला सांगितलं आणि एकही शब्द न बोलता आईच्या चालीने चालत राहिला.